सिंगापूरच्या भाड्याच्या घरात एसी केवढ्याला पडतो

भाऊ, तुझा प्रश्न असा: हिंगणघाट तालुक्यातल्या गावातून बायको आणि लहान मुलीला घेऊन सिंगापूरला यायचंय, दोन बेडरूमचा फ्लॅट पाहून ठेवलाय, आणि एजंट म्हणतो की दर तीन महिन्यांनी एसीची सर्व्हिसिंग भाडेकरूनंच करायची. हे खरं का, वर्षाला किती पैसे धरायचे, आणि घरचा कूलर सोबत आणला तर भागेल का. मीही वर्धा जिल्ह्यातलाच, इथं बरीच वर्षं झाली, म्हणून जरा लांबवर लिहितो.

कूलरचं आधी उरकतो. नको आणू. आपल्याकडे तो चालतो कारण हवा कोरडी असते. नवतपात दुपारी पारा ४४-४५ ला असतो, पण हवेत ओल जवळजवळ नसतेच, त्यामुळे कूलरच्या गवती ताट्यांवरचं पाणी झपाट्यानं उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. मृगाचा पाऊस पडला की तोच कूलर अंग चिकट करतो अन् आपण तो कोपऱ्यात ढकलतो. सिंगापुरात बाराही महिने तीच गत. दुपारी ३१ ते ३३ अंश. आजवरचा उच्चांक ३७, ब्रह्मपुरीच्या माणसाला हसूच येईल. पण सरासरी आर्द्रता ८० टक्क्यांच्या घरात, आणि रात्रीसुद्धा पारा सहसा २४-२५ च्या खाली जात नाही. घाम सुकतच नाही. उन्हाळ्यात वाळवणात घातलेले सरगुंडे आपल्याकडे पत्र्याच्या डब्यात वर्षभर कडक राहतात. इथं डबा दोनदा उघडला की सादळले. चामड्याचा पट्टा कपाटात महिनाभर पडला तर त्यावर पांढरी बुरशी धरते.

त्यामुळे इथला एसी हवा थंड करतो त्याच्या जोडीनं हवेतलं पाणीही काढत असतो. एका बेडरूमचं मशीन रात्रभरात काही लिटर पाणी सहज बाहेर टाकतं. आपल्याकडे मे महिन्यात त्याच मशीनच्या नळीतून जेमतेम थेंब पडतात. सगळा मेंटेनन्सचा खर्च या पाण्याच्या वाटेचा आहे, हे डोक्यात ठेवलं की पुढचे आकडे समजतील.

आत काय होतं ते सांगतो. कॉइलवर, म्हणजे आतल्या थंड नळ्यांच्या जाळीवर, पाणी जमतं, खालच्या ट्रेमध्ये उतरतं आणि प्लॅस्टिकच्या पाइपानं बाहेर जातं. सतत ओलं, वर हवेतली धूळ आणि आपल्या फोडणीचा तेलकट वाफारा. त्यावर शेवाळासारखा थर वाढतो. मिस्त्री येतो तेव्हा पाइपाच्या तोंडाला ओलं ओढणारा व्हॅक्यूम लावतो, आणि डब्यात बदकन एक करडा, बुळबुळीत गोळा पडतो. तो गोळा आत राहिला तर पाणी उलट फिरून भिंतीवरून गादीवर ठिबकतं. ब्लोअरच्या, म्हणजे आतल्या पंख्याच्या, पात्यांवरही काळे ठिपके धरतात. मोबाइलचा टॉर्च झडपांमधून आत मारलास की दिसतील. आंबूस वास येतो तो तिथूनच.

आता पैसे. डॉलर म्हणजे सिंगापूर डॉलर, एक साधारण ७० रुपयांच्या आसपास धर.

दोन बेडरूम आणि हॉल मिळून आतली तीन मशीन आणि बाहेर एकच युनिट, याला इथं ‘सिस्टीम ३’ म्हणतात. साधी सर्व्हिसिंग, म्हणजे फिल्टर, ट्रे, पाइप आणि वरवरची सफाई, एका मशीनला साधारण ३० ते ४० डॉलर. वर्षाचा चार फेऱ्यांचा करार केलास तर थोडं स्वस्त पडतं. तीन मशीनना मिळून वर्षाला तीनशे ते चारशे डॉलर धरून चाल. केमिकल वॉशचे, म्हणजे मशीन रसायनानं आतून धुण्याचे, एका मशीनला ८० ते १५० डॉलर. ते दर तिमाहीला लागत नाही. वास जात नसेल, हवा कमी येत असेल किंवा ठिबकणं थांबत नसेल तरच. रात्री रोज चालणाऱ्या बेडरूमच्या मशीनला ते वर्षा-दीड वर्षानं एकदा लागू शकतं, हॉलच्या मशीनला त्याहून उशिरा. असं सगळं मिळून वर्षाचे पाचशे-सहाशे डॉलर बाजूला ठेव. रुपयांत चाळीस हजारांच्या आसपास जातं. तालुक्याचा मिस्त्री पाचशे-सातशेत एसी धुऊन जातो, त्या हिशेबानं पाहिलंस तर पोटात गोळा येईल. तसं पाहूच नकोस, पगारही तिथला नाही.

गॅसच्या बाबतीत मात्र सावध राहा. एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठंतरी गळती आहे. मिस्त्री दर वेळी ‘गॅस भरावा लागेल’ म्हणत असेल तर प्रेशर मीटरवर दाखवायला सांग आणि गळती कुठं आहे ते विचार. हे नागपूरलाही खरं, सिंगापूरलाही खरं. फ्लॅट पाहायला जाशील तेव्हा बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर गॅसचं नाव वाच: आर-३२ असेल तर मशीन तुलनेनं नवं, आर-४१०ए असेल तर बहुतेक जुनं, कारण १ ऑक्टोबर २०२२ पासून तो गॅस असलेले घरगुती एसी इथं विकायला बंदी आहे.

एजंट खोटं बोलत नाहीये. तिमाही सर्व्हिसिंग भाडेकरूकडे, हे कलम जवळपास प्रत्येक करारात असतं, आणि घर सोडताना मालक पावत्या मागतो. नसल्या तर डिपॉझिटमधून कापतो. पण एजंटनं न सांगितलेलं दुसरं कलम महत्त्वाचं आहे: किरकोळ दुरुस्तीचं. दर दुरुस्तीचे पहिले दीडशे-दोनशे डॉलर भाडेकरूचे, वरचे मालकाचे, असं ते सहसा असतं. कॉम्प्रेसर गेला, भिंतीतली तांब्याची नळी गळली, नळीवरचं फोमचं वेष्टन कुजून पाणी ठिबकलं, तर ते मशीनच्या वयामुळे. हा खर्च मालकाचा, असं सहीआधी लिहून घे. आणि राहायला जाण्यापूर्वी मालकाकडून एकदा केमिकल वॉश करून माग. भाडं ठरवताना हे बहुतेकदा मान्य होतं, चावी हातात आल्यावर कोणी ऐकत नाही.

विजेचं थोडक्यात. विजेचं एक युनिट तीस सेंटच्या आसपास, हा भाव दर तीन महिन्यांनी बदलतो. इन्व्हर्टर मशीन २५ अंशांवर, सोबत पंखा, रात्रीचे आठ तास, अशा दोन बेडरूमना महिन्याला ६० ते ८० डॉलर. कॉइल घाण असली की याच कामाला वीज जास्त लागते. व्होल्टेज स्थिर असतं, स्टॅबिलायझरचं ओझं आणू नकोस. प्लग फक्त तीन चौकोनी पिनांचा लागतो.

घरी काय करायचं: दोन आठवड्यांनी फिल्टर नळाखाली धुऊन सावलीत वाळव, हे काम फुकट आहे आणि निम्मी तक्रार यानंच जाते. एसीच्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नका, मशीन त्यांचंही पाणी ओढत बसतं. वहिनींना सांग, फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावून चिमणी चालू ठेवायची, नाहीतर हॉलच्या मशीनचा फिल्टर आठवडाभरात चिकट होतो. दिवसभर घर बंद असलं तरी कपाटात ओलावा शोषणारे डबे ठेव, दुकानात दोन-तीन डॉलरला मिळतात.

कराराचा मसुदा आला की सही करण्याआधी एसीचं आणि दुरुस्तीचं पान मला पाठव. रविवारी दुपारनंतर फोन कर, तेव्हा मी घरी असतो.