शिडाच्या यॉटने सकाळी अलिबागजवळच्या खांदेरी बेटाला जाऊन, दुपारभर नांगर टाकून, संध्याकाळी मुंबईत परत येता येईल का? बोट मी चालवेन, बायको आणि मुलं फक्त प्रवासी.

येता येईल. पावसाळा सोडून, भरती-ओहोटी बघून. पण मी लिहायला बसले ती तुमच्या शेवटच्या दोन शब्दांमुळे.

बेटाजवळ पोचलात की तुम्ही मागे सुकाणूवर असाल. नांगर असतो पुढे, नाळेवर. मधे दहा मीटर बोट, चालू इंजिन आणि वारा. नांगर कोण टाकणार? किती साखळी गेली हे कोण सांगणार? सुकाणू सोडून तुम्हीच पुढे धावणार असाल तर प्रश्न मिटला, जाऊच नका. म्हणजे पुढे बायको उभी राहणार. आणि पुढे जो उभा आहे त्याचं ऐकावं लागतं, कारण साखळी त्याला दिसते, तुम्हाला नाही. आमच्या घरात हे अजून सगळ्यांना पटलेलं नाही.

माझं माहेर खांदेरीसमोरच्या किनाऱ्यावरचं, थळचं. वडिलांची मासेमारीची होडी होती. शीड मी एनसीसीच्या नेव्हल युनिटमध्ये शिकले. आता जी बोट आहे ती माझा नवरा आणि मोठे दीर यांची, अर्धी-अर्धी. भाऊजींनी परदेशात कोर्स करून सर्टिफिकेट आणलंय, त्यामुळे सुकाणू त्यांच्याकडे आणि पोह्यांचा डबा माझ्याकडे, अशी वाटणी आपोआप झाली.

फेब्रुवारीतली पंचमी होती. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, हे तुम्हाला ठाऊक असेलच, पंचमीला पावणेचार. म्हणजे सकाळी साडेनऊच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. म्हणून सहाला गेटवे सोडलं. ओहोटीचं पाणी बंदराबाहेर ओढत होतं, जमिनीवरून मतलई वारा, शीड एका बाजूला भरलेलं. साधारण पंचवीस किलोमीटरचं अंतर. इतकी सोपी सकाळ मिळाली की माणसाला वाटतं आपल्याला सगळं येतं. साडेनऊनंतर थोड्या वेळाने आम्ही खांदेरीच्या पूर्वेला, थळच्या बाजूला, आडोशाला पोचलो.

खोली दाखवणारं यंत्र चार मीटर सांगत होतं. भाऊजी म्हणाले, पंधरा मीटर साखळी पुरे. मी म्हटलं, आता ओहोटी आहे, दुपारपर्यंत इथे तीन मीटर पाणी चढेल, चाळीस सोडू या. ते म्हणाले, "अगं, नांगराला वजन आहे ना!"

हेच ते. नांगर वजनाने धरत नाही. वजनाने धरत असता तर त्या एवढ्याशा लोखंडाने कित्येक टनांची बोट कशी थांबली असती? नांगराचा फाळ चिखलात किंवा रेतीत रुततो, आणि ओढ आडवी असेल तोवरच रुतलेला राहतो. ओढ आडवी ठेवायला साखळीचा बराच भाग तळावर पडलेला लागतो. हिशेब तिसरीतल्या मुलाला जमेल असा आहे: भरतीच्या वेळची खोली, अधिक पाण्यापासून नाळेची उंची, गुणिले पाच. थोडी साखळी आणि पुढे दोर असेल तर गुणिले सात. चार मीटर पाणी आणि एक मीटर नाळ यांना पंधरा म्हणजे जेमतेम तिप्पट. पावणेचारला तेच पंधरा आठ मीटरला दुपटीलाही पुरत नाहीत. नांगर तोच, वजन तेच, पण आता साखळी त्याला वर उपटतेय.

तरी मी गप्प बसले, कारण सोबत पाहुणे होते. मात्र बोट सरकली तर कळावं म्हणून बेटावरचं दीपगृह आणि त्याच्या खालच्या बुरुजाचा कोपरा नजरेने एका रेषेत धरून ठेवले. सगळे जेवले, दोघं झोपले.

दीड-दोनच्या सुमाराला वायव्येचा खारा वारा, म्हणजे समुद्रावरून येणारा, सुरू झाला. फेब्रुवारी ते मे तो रोजच येतो, त्यात नवल नाही. शिवाय भरतीचं पाणी उत्तरेकडे, मुंबईच्या बाजूला ओढत होतं. दीपगृह बुरुजाच्या उजवीकडे सरकलं. बोट नांगरावर झुलते तेव्हा खुणा हलतातच, पण परत जागेवर येतात. ही आली नाही. पुढे जाऊन साखळीवर हात ठेवला तर घरघर लागत होती. नांगर तळावरून फरफटत होता.

मागे उंदेरीच्या, म्हणजे शेजारच्या बेटाच्या, बाजूला जाळ्यांचे बोये दिसत होते. प्रोपेलरमध्ये जाळं गेलं की इंजिन गेलं. आणि जाळं कुणाच्या तरी घरचं असतं, हे मला कुणी सांगायला नको. कुणाला न विचारता मी आणखी पंचवीस मीटर साखळी सोडली. बोट मागे गेली, झटका बसला, नाळ वाऱ्याकडे वळली आणि थांबली. भाऊजी जागे होऊन म्हणाले, "वारा पडला वाटतं." वारा संध्याकाळपर्यंत तसाच होता. ते अजूनही म्हणतात की वारा पडला होता.

तर, बायकोला पुढे उभी करा. हाताच्या खुणा घरीच ठरवा: सोड, थांब, मागे घे, किती मीटर. इंजिनाच्या आवाजात ओरडून काही कळत नाही, फक्त शेजारच्या बोटींची करमणूक होते. वाऱ्याकडे नाळ करून थांबा, नांगर सोडा, फेकू नका. बोट मागे जाऊ द्या, मग इंजिन उलटं घालून सावकाश ओढ द्या. किनाऱ्यावरच्या खुणा हलल्या नाहीत तर नांगर लागलाय. हलल्या तर उचला आणि पुन्हा टाका, लाज वाटायचं कारण नाही. परत निघताना भरती संपायच्या आधी निघा. पावणेचारची भरती असेल तर दीडलाच. नाहीतर वारा नाकावर, पाणी उलटं आणि गेटवेला अंधार.

बेटाच्या अगदी जवळ खडप आहे, तिथे नांगर अडकतो. जायचंच असेल तर नांगराच्या डोक्याला वेगळा दोर आणि बोया बांधा, उलटा ओढून सोडवता येतो. तुमचा कील, म्हणजे बोटीच्या तळाचा पाण्यात उतरणारा भाग, किती खोल जातो ते आधी बघा. आमचा पावणेदोन मीटर आहे. १६७९ मध्ये महाराजांनी खांदेरी बांधायला घेतली तेव्हा इंग्रजांची मोठी गलबतं वारा पडला की जागच्या जागी राहायची आणि मराठ्यांच्या लहान होड्या वल्हवत सामान पोचवायच्या. त्या पाण्यात मोठ्या बोटीचा तोरा पहिल्यापासून चालत नाही.

बेटावर उतरणार असाल तर परवानगीचं आधी विचारा, आणि एक जाणतं माणूस बोटीवर ठेवा. मुलांना सुटल्यापासून लाइफ जॅकेट. बंदरातून जाताना जहाजांचा मार्ग सरळ काटकोनात ओलांडा. शिडाला अग्रक्रम वगैरे तिथे विसरा, कंटेनरचं जहाज तुमच्यासाठी वळू शकत नाही. मी सांगितलेले आकडे शांत दिवसाचे आहेत. वारा जास्त असेल तर पाचपटीवर भरवसा ठेवू नका. आणि शिडाची बोट याआधी चालवलीच नसेल तर माझं उत्तर बदलून "नाही" असं समजा.

साखळीवर दर पाच मीटरला रंगाची खूण मात्र करून घ्या, म्हणजे किती सोडली यावर वाद होत नाही. आमच्या साखळीवर आता आहे. रंग मी आणला, भाऊजींनी लावला.