व्हॅम्पायरला लसूण, ऊन, आरसा का चालत नाही? हे नियम आले कुठून?

लसूण, आरसा, ऊन, छातीत लाकडी खुंटी हे नियम कुणी ठरवले आणि यामागे पोर्फिरिया हा आजार आहे का, असं तुम्ही विचारलंय. आजाराचं शेवटी सांगतो. आधी एक फरक लक्षात घ्या: खुंटी, लसूण आणि कबरीपाशी टाकायचे दाणे हे नियम खेड्यातल्या कबरींपाशी तयार झाले. आरसा, आमंत्रणाशिवाय घरात न शिरणं आणि उन्हानं मरणं हे कादंबरी-सिनेमानं रुजवलं. दोन्हींची सरमिसळ झाली की कशाचाच उलगडा होत नाही.

1718 नंतर वीसेक वर्षं उत्तर सर्बिया ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. तिथले गावकरी संशय आला की कबर उकरून प्रेत तपासत, आणि नव्या सरकारच्या अधिकाऱ्यांनी त्याचे अहवाल लिहिले. म्हणून आपल्याला आज इतकं बारीक माहीत आहे. 1725 साली किसिल्येवो गावात आठ दिवसांत नऊ जण दगावले. दहा आठवड्यांपूर्वी वारलेला पेटर ब्लागोयेविच झोपेत अंगावर पडून गळा आवळतो, असं त्यांनी मरताना सांगितलं. कबर उघडल्यावर फ्रोमबाल्ड या अधिकाऱ्यानं जे पाहिलं ते असं: नाक जरासं बसलेलं, बाकी देह ताजा, जुनी कातडी सुटून खाली नवी आलेली, केस, दाढी आणि नखं वाढलेली, तोंडात रक्त.

यातली एकही गोष्ट खोटी नाही. अर्थ मात्र चुकला. मेल्यावर आतड्यातले जिवाणू वायू तयार करतात, पोट फुगतं, छातीवर दाब येतो आणि कुजताना तयार झालेला लालसर काळा द्रव नाकातोंडातून बाहेर येतो. वरची कातडी सुटते आणि खालचा ओला लालसर थर नव्या कातडीसारखा दिसतो. नखं गळून पडतात, उघडा पडलेला भाग कोवळ्या नखासारखा वाटतो. कातडी आक्रसली की दाढीचे खुंट वर दिसू लागतात. न्यायवैद्यकात एक जुना ढोबळ हिशेब आहे: हवेत एक आठवड्यात देह जितका कुजतो, तितकं कुजायला पाण्यात दोन आणि मातीखाली आठ आठवडे लागतात. मातीतले दहा आठवडे म्हणजे हवेतले जेमतेम नऊ दिवस. गावकऱ्यांना अपेक्षा सापळ्याची होती, आणि समोर आलं फुगलेलं प्रेत.

सात वर्षांनी मेद्वेज्या गावी योहान फ्ल्यूकिंगर या लष्करी सर्जननं तपासणी केली, तीही 7 जानेवारी 1732 ला, म्हणजे भर थंडीत. थंडीत कुजणं आणखी मंदावतं. त्याच्या अहवालात साठ वर्षांची मिलित्सा आहे. तिला ओळखणारे लोक म्हणाले, ही जन्मभर सुकलेली, हडकुळी होती, कबरीत गेल्यावर अंगानं भरली. ते वायूनं आलेलं फुगणं होतं. याच गावात काही वर्षांपूर्वी व्हॅम्पायर ठरवलेल्या आर्नोल्ड पाओले या मृताच्या छातीत खुंटी ठोकल्यावर तो कण्हला, असंही नोंदलंय. छाती दाबली गेली की आतली हवा स्वरयंत्रातून बाहेर पडते आणि आवाज होतो. शेवटी संशयित प्रेतांची मुंडकी तोडून, देह जाळून राख मोराव्हा नदीत टाकली.

खुंटीचा मूळ हेतू प्रेताला जमिनीशी खिळून ठेवण्याचा असावा, असं मला वाटतं. सर्बियात त्यासाठी हॉथॉर्न हे काटेरी झाड पसंत करत. पोलंडमध्ये पिएन गावी 2022 साली सतराव्या शतकातली एका बाईची कबर सापडली: गळ्यावर विळा आडवा ठेवलेला, म्हणजे उठली तर मान कापली जावी, आणि पायाच्या अंगठ्याला कुलूप. हेतू तोच.

लसणाचं काम वासाचं. कुजण्याचा आणि रोगाचा वास उग्र, त्याला तितकाच उग्र वास अडवतो, ही समजूत. रोमानियात संत आंद्रेईच्या सणाच्या आदल्या रात्री, 29 नोव्हेंबरला, दारं-खिडक्यांना लसूण चोळतात. खसखस किंवा बारीक धान्य कबरीत वा वाटेवर टाकण्यामागे, मृताला दाणा न् दाणा वेचावा लागेल आणि तोवर उजाडेल, हा हिशेब. कोकणातही बाळंतपणात वारलेल्या बाईची हडळ होऊ नये म्हणून स्मशानाच्या वाटेवर राळे टाकण्याची आणि उंबऱ्यात खिळा ठोकण्याची चाल नोंदलेली आहे.

आता दुसरा गट. आरशात प्रतिबिंब न दिसणं ब्रॅम स्टोकरच्या 1897 च्या 'ड्रॅक्युला'त आलं. घरात मृत्यू झाला की आरसे झाकायची युरोपातली जुनी चाल त्यामागे असू शकते. आमंत्रणाची अट याच कादंबरीनं पक्की केली. ऊन मात्र स्टोकरचंसुद्धा नाही. त्याचा ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनमध्ये फिरतो, फक्त त्याची शक्ती कमी झालेली असते. तो मरतो तेही खुंटीनं नाही: एक कुकरी गळ्यावर आणि एक सुरा काळजात. लोककथांतला व्हॅम्पायर कोंबडा आरवला की कबरीत परततो, जळत नाही. सूर्यप्रकाशानं नाहीसं होण्याची कल्पना रुजली ती 1922 च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटातून.

म्हणूनच पोर्फिरियाचा सिद्धांत मला अजिबात पटत नाही. 1985 मध्ये एका रसायनशास्त्रज्ञानं तो मांडला आणि तो अजूनही फॉरवर्ड होत असतो: या रुग्णांना ऊन सोसत नाही, चेहरा निस्तेज होतो, म्हणून व्हॅम्पायरची कल्पना आली. पण उन्हाचा नियमच 1922 चा असेल, तर अठराव्या शतकातल्या सर्बियन शेतकऱ्याला तो कुठून ठाऊक असणार? शिवाय रक्त प्यायल्यानं हा आजार बराही होत नाही. आणि अहवालांतले व्हॅम्पायर फिकट, कृश नाहीतच. ते लाल, टम्म फुगलेले आहेत.