‘पाडवा’ म्हणजे बळीला ‘पाडले’ तो दिवस का?

प्रश्न असा आहे: वामनाने बळीला पाताळात पाडले म्हणून दिवाळीतल्या त्या दिवसाला ‘पाडवा’ म्हणतात, असे घरात ऐकत आलो. हे खरे का? आणि नवे वर्ष चैत्रात सुरू होते, तर कार्तिकात पुन्हा पाडवा कसा?

‘पाडवा’ आणि ‘पाडणे’ यांचा संबंध नाही. पाडवा म्हणजे प्रतिपदा, पंधरवड्याची पहिली तिथी. संस्कृत ‘प्रतिपदा’चे प्राकृतात ‘पाडिवआ’ झाले आणि तिथून आपला ‘पाडवा’ आला. यातली प्रत्येक पायरी मराठीत इतरत्रही दिसते. ‘प्रति’चे ‘पडि’ होऊन प्रतिशब्दाचा पडसाद झाला, प्रतिजिव्हेची पडजीभ झाली. दोन स्वरांमधल्या ‘प’चा ‘व’ झाला, तो तर याच सणाच्या नावात आहे: दीपाचा दिवा, दीपावलीची दिवाळी. गुजरातीत कुठल्याही महिन्याच्या प्रतिपदेला ‘पडवो’ म्हणतात, हिंदीत ‘पड़वा’ किंवा ‘परिवा’. तिथे बळीचा विषयही नसतो.

म्हणजे साध्या वर्षात पाडवे चोवीस. मराठीने मात्र हे नाव दोनच प्रतिपदांना लावून ठेवले, आणि दोन्ही साडेतीन मुहूर्तांतल्या. चैत्र शुद्ध प्रतिपदेला शालिवाहन शक बदलतो. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला गुजरातेत पाळला जाणारा विक्रम संवत बदलतो, म्हणून व्यापाऱ्यांच्या नव्या वह्या या दिवशी सुरू होतात. कार्तिकातल्या पाडव्याचे कोडे इथे सुटते: तोही एका कालगणनेचा वर्षारंभच आहे.

आता कथेकडे. दानशूर बळीकडे वामन तीन पावले जमीन मागतो, दोन पावलांत पृथ्वी आणि स्वर्ग व्यापतो, तिसऱ्यासाठी बळी आपले मस्तक पुढे करतो. पण या दिवशी आपण बळीचा पराभव साजरा करत नाही. आपण बळीची पूजा करतो, आणि बायका ओवाळताना म्हणतात, ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.’ ज्याला पाताळात धाडले त्याचेच राज्य परत यावे, ही मागणी आहे. शेतकऱ्याला ‘बळीराजा’ म्हणणारी भाषा त्याच्या पडण्यावरून सणाला नाव देईल, हे मला व्युत्पत्तीइतकेच भावनेच्या अंगानेही पटत नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त बळीला न्यायी राजा म्हणून उभे केले, त्यालाही लोकांच्या तोंडची हीच माया आधाराला होती.

तरी ‘पाडले म्हणून पाडवा’ ही समजूत मी तुच्छ मानणार नाही. शब्दाचा मूळ अर्थ पुसट झाला की लोक त्याला ऐकू येणारा अर्थ देतात. काही भागांत गावाकडे या दिवशी अंगणात शेणाचे पांडव घालून पूजतात. पाडव्याला पांडव का? मला वाटते, नादसाम्यानेच त्यांना या दिवशी आणले असावे. हा माझा तर्क आहे.

दिवाळीचे इतर दिवसही असेच तिथ्यांची जुनी नावे सांभाळून आहेत, आणि मला या शब्दांचे फार अप्रूप आहे. वसुबारसेतली बारस म्हणजे द्वादशी. त्या दिवशी गाय-वासराची पूजा. धनतेरसेतली तेरस म्हणजे त्रयोदशी. संध्याकाळी यमासाठी दक्षिणेकडे वात करून दिवा लावायचा. पंचांगात संस्कृत नावे राहिली, पण सणाच्या दिवशी घरात बोलताना प्राकृतच टिकली. नरकचतुर्दशी तेवढी आपल्याकडे संस्कृत राहिली. गुजरातीत तिचीही ‘काळी चौदस’ झाली आहे.

आणि भाऊबीज. यम बहिणीकडे, यमुनेकडे जेवायला गेला तो दिवस, म्हणून यमद्वितीया. ‘बीज’ म्हणजे द्वितीया. द्वादशाचे बारा झाले तसा ‘द्वि’चा ‘बि’ झाला. आधी बिजेच्या चंद्रकोरीला ओवाळायचे आणि मग भावाला, या रीतीत तिथी अजून डोळ्यांना दिसते. फाल्गुन वद्य द्वितीयेची तुकाराम बीजही हीच. ‘नात्याचे बीज रुजवणारा सण’ असे शुभेच्छांमध्ये छापून येते, ते मात्र चुकीचे. पेरायचे ‘ते बीज’ नपुंसकलिंगी आणि तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले आहे, तिथी ‘ती बीज’ स्त्रीलिंगी आणि तद्भव, म्हणजे रूप बदलून आलेली. म्हणून सामान्यरूपात पहिले ‘बीजाला’ असे दीर्घ राहते आणि दुसरे ऱ्हस्व होते: ‘भाऊबिजेला’.