औषध सुरू झालं, मग वाचन का अडलंय?

प्रश्न: माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेटची दिवसभर चालणारी कॅप्सूल सुरू केली. त्याला गिळता येत नाही, म्हणून मी आतले दाणे चमच्याने चिरडून देते. बाई म्हणतात, पहिले दोन तास तो गप्प, मलूल बसतो आणि दुपारी पुन्हा धुमाकूळ. डबा तसाच परत येतो. वाचन जिथल्या तिथेच आहे. शाळा म्हणते, औषध चालू आहे तर विशेष शिक्षिका कशाला? यजमान म्हणतात, सुट्टीच्या दिवशी तरी औषध नको. मी काय करू?

उत्तर: ताई, आधी ते दाणे चिरडणं उद्यापासून बंद करा. दिवसभराचं औषध हळूहळू सुटावं म्हणूनच त्या दाण्यांवर आवरण असतं. ते फुटलं की सगळी मात्रा एकदम अंगात उतरते आणि चारेक तासांत ओसरते. सकाळचं मलूलपण, न खाल्लेला डबा आणि दुपारचा धुमाकूळ, तिन्हींचं मूळ बहुधा इथेच आहे. तुमची यात चूक नाही, हे औषध देतानाच सांगायला हवं होतं.

उद्याच डॉक्टरांना फोन करा आणि चिरडत होते हे स्पष्ट सांगा. नाहीतर तुमचं वर्णन ऐकून ते मात्रा बदलतील आणि तो बदल चुकीच्या माहितीवर होईल. काही कॅप्सूल उघडून दाणे चमचाभर मऊ, गार पदार्थावर घालून न चावता लगेच गिळता येतात. तुमची त्यातली आहे का, ते विचारा. पातळ किंवा चघळायचं औषध मिळेल का, तेही विचारा.

पुढचे सात दिवस एका वहीत पाच गोष्टी लिहा: औषध किती वाजता दिलं, परिणाम कधी दिसू लागला, डब्यातलं किती खाल्लं, चिडचिड कधी सुरू झाली, झोप कधी लागली. औषध उतरताना तासभर रडारड होणं नेहमीचं आहे; वेळ लिहिलेली असेल तर डॉक्टरांना उपाय काढता येतो. पोटभर नाश्ता औषधाआधी द्या, भूक संध्याकाळी परत येते तेव्हा पुन्हा नीट जेवू घाला. वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब तपासणं ठरलेल्या अंतराने झालंच पाहिजे. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडला किंवा नसलेलं काही दिसू-ऐकू लागलं, तर पुढची मात्रा देऊ नका, तातडीने दवाखाना गाठा.

सुट्टीच्या दिवशी औषध न देण्याबद्दल डॉक्टरांशी नंतर बोलता येईल. मात्रा ठरत असताना मात्र खंड नको, नाहीतर कशाचा परिणाम कशामुळे, हेच कळेनासं होतं. आणि सुट्टीला औषध न देण्याचा विचार फक्त या औषधापुरता. एडीएचडीसाठीच दिलं जाणारं क्लोनिडिन किंवा ग्वानफेसिन असतं, तर अचानक थांबवल्यावर रक्तदाब उसळू शकतो.

आता शाळा. तिथे तुम्ही ठाम राहावं असं मला मनापासून वाटतं. औषधाने मूल जागेवर बसेल, पानाकडे बघेल; जोडाक्षर फोडून वाचायचं कसं, हे औषध शिकवत नाही. एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांना वाचनाची अध्ययन अक्षमताही असते, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन शिकणं अडतं. म्हणून वाचन, लेखन आणि गणिताची तपासणी करा, असा तारीख घातलेला लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तोंडी बोलणं वर्ष संपता संपता हवेत विरतं.

तपासणीनंतर शाळा त्याला शिकवण्याचा जो आराखडा बनवेल, त्यात ‘वाचन सुधारेल’ असं वाक्य आलं तर सही करू नका. ‘बारा आठवड्यांत पन्नास शब्दांचा अनोळखी उतारा पाचपेक्षा कमी चुकांत वाचेल’, असं मोजता येणारं लिहून घ्या. आठवड्यातून किती तासिका, किती मिनिटं, कोण शिकवणार, कोण मोजणार, हेही. पुढे बसवणं, जास्त वेळ देणं या सवलती हव्यातच, पण सवलत म्हणजे शिकवणं नव्हे. शाळा बहुतेकदा इथेच गल्लत करते.

विशेष शिक्षिकेची तासिका औषधाचा परिणाम चालू असलेल्या वेळेतच मागा. शेवटच्या तासाला ठेवली तर वाया जाते. खेळाचा किंवा मधल्या सुट्टीचा वेळ कापून मात्र घेऊ देऊ नका, या मुलांना पळणं फार गरजेचं असतं.

मुलालाही औषध कशासाठी ते साध्या शब्दांत सांगा. तो चिडला की ‘आज गोळी घेतलीस का?’ असं घरात कुणीही विचारायचं नाही, एवढं यजमानांनाही सांगा.