घरी सगळं येतं, मग शाळेत काय होतं?

"ताई, घरी सगळं येतं हो याला. शाळेत गेला की काय होतं, देव जाणे."

पहिली चाचणी झाली की आणि पुन्हा दिवाळीच्या सुट्टीनंतर हे वाक्य घेऊन पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी येऊ लागतात. वडील बरोबर असले तर ते पुढचं जोडतात, "येतं सगळं, पण लक्ष नाही." शाळेचं म्हणणं तिसरंच असतं, "घरी आईच करून देत असणार." सगळे मुलाबद्दल बोलत असतात आणि मूल खुर्चीच्या कडेला बसून बुटाच्या नाडीशी खेळत असतं. त्याला काय येतं आणि काय येत नाही, हे नेमकं कुणीच पाहिलेलं नसतं. पाहिलेले असतात ते गुण.

या काळजीचं उत्तर मी एका चौथीतल्या मुलाच्या अनुभवातून देते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

हा मुलगा पहिली-दुसरी इंग्रजी माध्यमात शिकला. फी झेपेना म्हणून तिसरीत मराठी शाळेत आला. आईनं पिशवीतून दोन वह्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. घरच्या वहीत बेरजा, वजाबाक्या, हातच्याची उदाहरणं, सगळं चोख. शाळेच्या वहीत लेखी उदाहरणं बरीचशी बरोबर, पण दर आठवड्याच्या तोंडी चाचणीची पानं लाल शाईनं भरलेली. बाई गणित सांगतात, मुलं मनात करून फक्त उत्तर लिहितात, अशी ती चाचणी. शेवटच्या दोन चाचण्यांत तर त्यानं निम्म्या जागा कोऱ्या सोडल्या होत्या. खाली शेरा होता, 'लक्ष देऊन ऐकत नाही.'

"तुला काय वाटतं?" मी त्याला विचारलं.

"मी ढ आहे," तो म्हणाला. अगदी सहज, स्वतःचं नाव सांगावं तसं.

नऊ वर्षांच्या मुलानं हे इतक्या शांतपणे सांगावं, याचा मला त्रास होतो. आकडेमोडीतली चूक दुरुस्त होते. हे वाक्य एकदा आत जाऊन बसलं की ते उठवायला फार कष्ट पडतात.

मी अशा मुलांना पहिल्या भेटीत कधीच प्रश्नपत्रिका देत नाही. लेव वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञानं १९३३ साली एका व्याख्यानात मांडलं होतं, की खेळताना मूल आपल्या रोजच्या वागण्याच्या, आपल्या वयाच्या पुढे गेलेलं असतं. माझ्या सगळ्या कामाचा पाया हा विचार आहे. म्हणून आम्ही दुकान मांडलं. व्यापाराच्या डावातल्या नोटा, थोडी खरी नाणी, खोडरबर, पेन्सिली, बिस्किटाचा पुडा. तो दुकानदार, मी गिऱ्हाईक. सत्तावीस रुपयांच्या वस्तूंना मी पन्नासची नोट दिली, त्यानं क्षणात तेवीस परत केले. मग शंभरच्या नोटेतून मोड, मग तीन वस्तूंची एकत्र किंमत. कुठेही अडला नाही. किमती अर्थात कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहिलेल्या होत्या. हे पुढे महत्त्वाचं ठरलं.

आईचा चेहरा उजळला. "बघा! म्हटलं होतं ना मी? परीक्षेची भीती आहे त्याला."

तिचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळं विकणाऱ्या मुलांचा एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाशी व्यवहार करताना त्या मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर होती. तशीच आकडेमोड नुसती आकड्यांत मांडून दिली, तेव्हा बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवर आली. येणं आणि कागदावर दाखवता येणं या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे त्यातून स्वच्छ दिसलं. पण आमच्या या मुलाला लेखी उदाहरणं जमत होती, तोंडी जमत नव्हती. भीती असती तर ती लेखी की तोंडी हे बघून आली नसती. त्यामुळे 'भीती' हे उत्तर मला पुरेसं वाटेना.

मी त्याच्या बाईंना भेटले. प्रामाणिक बाई, बेचाळीस मुलांचा वर्ग. त्यांनी आधीच सांगून टाकलं, "मॅडम, खेळ वगैरे ठीक आहे, पण खेळातून मूल्यमापन कसं करायचं? गोंधळ तेवढा होतो." मी म्हटलं, "तुम्ही फक्त खेळ घ्या. बघायचं काम माझं." शनिवारी शेवटच्या तासाला हाऊसी, म्हणजे पुकारलेला आकडा आपल्या तिकिटावर खोडायचा खेळ, घ्यायचं ठरलं.

हाऊसी मी विचार करूनच निवडला होता. त्याच्या तिकिटावर तीन ओळी आणि नऊ उभे रकाने असतात. पहिल्या रकान्यात दहाच्या आतले आकडे, दुसऱ्यात दहा ते एकोणीस, तिसऱ्यात विशीतले, असं करत शेवटी ऐंशी ते नव्वद. आकडा कानावर पडला की मुलाचं बोट आधी कुठल्यातरी रकान्याकडे जातं आणि मग आकड्यावर थांबतं. त्या बोटाच्या वाटेत मुलाचा विचार उघडा पडतो. लेखी चाचणीत ही वाट दिसत नाही, दिसतं ते शेवटचं उत्तर.

मी त्याच्या बाकाच्या थोडी मागे, खिडकीशी उभी होते. बाईंनी "सत्तर" म्हटलं, "चाळीस" म्हटलं, बोट सरळ जागेवर. "त्रेपन्न" म्हटल्यावर बोट हवेत राहिलं आणि त्यानं शेजारच्या तिकिटात डोकावलं. मग बाई म्हणाल्या, "एकोणसाठ."

त्याचं बोट साठीच्या रकान्यात गेलं. तिथे ६९ होता. त्यानं तो खोडला.

थोड्या वेळानं "एकोणसत्तर" आलं. ६९ तर आधीच खोडलेला. पण त्याचं बोट त्या रकान्याकडे वळलंसुद्धा नाही. ते सत्तरीच्या रकान्यात गेलं आणि ७९ खोडून आलं. एकदा घडलं असतं तर घाईत झालं म्हटलं असतं. पण दोनदा तेच, तशाच पद्धतीनं, आणि पूर्ण आत्मविश्वासानं. हा मुलगा धांदरट नव्हता. तो एक नियम पाळत होता.

"मधली ओळ!" तो ओरडला. बाईंनी तपासलं, ओळ चुकली होती, मुलं हसली. तो खाली बसला तो पुढे काही न खोडता बसून राहिला. तास संपल्यावर मी त्याच्या शेजारी बाकावर बसले.

"एकोणसाठ म्हणजे किती रे?"

"साठ आणि नऊ."

"हे कसं कळलं तुला?"

"साठ ऐकू येतं ना त्यात. आणि एकोण म्हटलं की नऊ असतो. एकोणीसमध्ये असतो, तसा."

मी कागद पुढे केला. "फिफ्टी नाईन लिही." त्यानं लिहिलं ५९. "एकोणसाठ लिही." ६९. दोन्ही आकडे शेजारीशेजारी, त्याच्याच अक्षरात.

किती नीट विचार केला होता त्यानं! 'एकोण' आलं की शेवटी नऊ, हे त्यानं कुणी न शिकवता स्वतः शोधलं होतं आणि ते खरंही आहे. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत आठही संख्यांना लागू पडतं. फक्त नऊ कुठल्या दशकातला, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. साठाला एक उणा, ही खूण मराठी शाळेत पहिलीपासून असलेली मुलं गाण्यासारखी म्हणत म्हणत पचवतात. हा दोन वर्षं इंग्रजीत मोजत होता, आणि घरीही भाव विचारायचे ते 'फिफ्टी रुपीज'मध्येच.

मी बाईंना जुन्या चाचण्या काढायला सांगितल्या. एक प्रश्न होता, एकोणसाठ वजा अडतीस. उत्तर २१. त्यानं लिहिलं होतं ३१, वर लाल फुली. ६९ मधून ३८ गेले तर ३१च उरतात. दुसरा, एकोणतीस अधिक बारा. उत्तर ४१, त्याचं ५१. ३९ आणि १२, बरोबर ५१. बाई एकेक पान उलटत गेल्या, बोटांवर मोजत गेल्या. मग चष्मा काढून त्या म्हणाल्या, "अहो, याचा हिशेब तर बरोबर आहे. प्रत्येक वेळी बरोबर आहे."

समुपदेशनात असे क्षण मी जपून ठेवते. मुलगा तोच, वही तीच, पण त्या दुपारी 'लक्ष देऊन ऐकत नाही' या शेऱ्याचा अर्थ बदलला. तो नीट ऐकत होता. ऐकलेल्याचा अर्थ त्यानं त्याच्या परीनं लावला होता. मुलांच्या चुकांमागे बहुधा असाच एखादा नियम असतो, असं मी शिक्षक प्रशिक्षणात आवर्जून सांगते.

पुढचं काम सोपं होतं. शंभराचा तक्ता, 'एकोण' म्हटलं की त्यावर एक पाऊल मागे जाणारं बोट, आणि दर शनिवारी हाऊसीत आकडे पुकारायचं काम त्याच्याकडे. पुकारणाऱ्याला आकडा आधी दिसतो आणि मग नाव उच्चारावं लागतं. त्याला जे येत होतं तिथून, जे येत नव्हतं तिकडे जाणारा हा रस्ता होता. पहिल्या शनिवारी बाई त्याच्या कानात नाव सांगायच्या. नंतर गरज उरली नाही. आईला एवढंच सांगितलं, की बाजारात भाव मराठीत विचारा आणि सुट्टे त्याला मोजू द्या.

इथे एक बोलून घेते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'सत्तर दोन' अशा संख्यावाचनाची पद्धत आली, तेव्हा राज्यभर वाद झाला. बाजू कुणाचीही घ्या, पण मराठी संख्यानामं मुलांना जड जातात हे खरं आहे. एकक आधी, दशक नंतर, त्यात एकोणची उलटी चाल. तेव्हा पाचवीपर्यंतचं मूल तोंडी गणितात चुकत असेल, तर आधी हे एक तपासा.

आता शिक्षकांच्या प्रश्नाकडे येते, खेळातून मूल्यमापन कसं करायचं. जिंकण्याला गुण देऊ नका. हाऊसीत जिंकणं नशिबाचं असतं, प्रश्नमंजुषेत वेगाचं, गटाच्या खेळात हुशार गड्याचं. घड्याळ लावून आणि क्रमांक फळ्यावर दाखवून घेतलेला खेळ ही रंगीत कपडे घातलेली परीक्षाच असते, आणि ती मागच्या बाकावरच्या मुलाला लगेच ओळखू येते. एका खेळात अख्खा वर्ग पाहू नका, चार-पाच मुलं ठरवून पाहा, पुढच्या खेळात दुसरी. आणि लिहायचं ते जे दिसलं तेच. 'एकोणसाठला ६९ खोडला' ही नोंद आहे, 'लक्ष नाही' हा निकाल आहे.

महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत २०१०मध्ये आली. त्यात तिसरी-चौथीला १००पैकी ६० गुण आकारिक, म्हणजे शिकता शिकताच होणाऱ्या, मूल्यमापनाचे ठेवले, आणि दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम ही त्याची साधनं सांगितली. म्हणजे खेळताना मूल पाहण्याची मुभा शिक्षकाला केव्हाच मिळालेली आहे. प्रत्यक्षात वर्णनात्मक नोंदींची तयार वाक्यं मिळतात आणि 'गणिती क्रिया आवडीने करतो' हे एकच वाक्य अनेक मुलांपुढे उतरवलं जातं. शिक्षकांवर कामाचा बोजा किती आहे ते मी जवळून पाहते, तरीही सांगते, अशी वीस वाक्यं लिहिण्यापेक्षा पाहिलेलं एक वाक्य लिहा. पुढच्या आठवड्यात काय शिकवायचं ते त्यातून कळतं.

पालकांनो, तुमच्याकडे तर वेळही आहे आणि पत्त्यांचा जोडही. बदाम सातमध्ये मूल पान अडवून धरतं का, म्हणजे पुढचा विचार करतं का, ते दिसतं. नाव-गाव-फळ-फूलमध्ये शब्द सुचतोय पण लिहिताना अडतोय, की सुचतच नाही, हे वेगळं काढता येतं. सापशिडीत नशीबच जास्त, पण ३७ वर सोंगटी असताना चार पडले, तर मूल "एक, दोन, तीन, चार" म्हणतं की "अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस" म्हणतं, हे कान देऊन ऐका. घरावरचा आकडा म्हणत पुढे सरकणाऱ्या लहान मुलांची संख्यांची समज अधिक वाढते, असं संशोधनात दिसलं आहे. चूक दिसली की डावाच्या मध्येच दुरुस्त करू नका. डाव संपल्यावर, जमिनीवरच बसून, "हे कसं कळलं तुला?" एवढंच विचारा आणि मग खरंच ऐका. ज्या दिवशी मुलाला वाटेल की आई खेळत नाही, तपासतेय, त्या दिवशी खेळातून काही दिसायचं बंद होईल.

लेखी परीक्षा टळणार नाही. पाचवी आणि आठवीला २०२३-२४ पासून राज्यात वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली आहे. म्हणून खेळात जे जमलं ते त्याच दिवशी दोन-तीन ओळींत कागदावर उतरवायची सवय लावा. दुकानाच्या खेळाचं बिल, हाऊसीत पुकारलेल्या आकड्यांची यादी, इतकं पुरतं.

आमचा मुलगा आता पाचवीत आहे. तोंडी चाचणीत तो जागा कोऱ्या सोडत नाही. सत्तावन्न आणि पंचाहत्तर ऐकताना अजून अडतो, पण हात वर करून "बाई, पुन्हा सांगा" म्हणतो. बाईंनी यंदा तिसरीच्या वर्गातही हाऊसी सुरू केला, आणि इंग्रजी माध्यमातून आलेल्या आणखी एका मुलीची हीच अडचण त्यांना माझ्या मदतीशिवाय सापडली.

सगळ्याच मुलांचं इतक्यात सुटतं असं मात्र नाही. आकडे लिहिलेले असोत वा सांगितलेले, नाणी हातात असोत वा नसोत, प्रत्येक खेळात तीच अडचण महिनोन्महिने दिसत राहिली, तर खेळावर थांबू नका. मुलाला अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली मुळातली अडचण, आहे का याची तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. मोठ्या सरकारी आणि महापालिकेच्या काही रुग्णालयांत ती होते. जाताना गुणपत्रिकेबरोबर खेळताना तुम्ही काय पाहिलंत ते लिहून न्या.