मिकीबरोबरचा महागडा नाश्ता: सहा जणांच्या घराने बुक करावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 18 ते 24 डिसेंबर ऑरलँडोला डिस्नी वर्ल्ड, मुक्काम बाहेरच्या हॉटेलात. तुम्ही दोघं, पाच वर्षांची लेक, दोन वर्षांचा मुलगा आणि पुण्याहून दोनच दिवस आधी पोचणारे आजी-आजोबा. डिस्नीची पात्रं टेबलापाशी येऊन भेटतात अशी दोन जेवणं, शेफ मिकीज या रेस्टॉरंटमधला नाश्ता आणि सिंड्रेलाच्या महालातलं जेवण, मनात आहेत, पण दर बघून हात थांबलाय. शिवाय आजी-आजोबा शाकाहारी.

माझं मत आधीच सांगतो. एकच बुक करा, आणि त्यालाही सगळ्या सहा जणांनी जायची गरज नाही. आम्ही अमेरिकेतच राहतो. मुलं लहान असल्यापासून मोठी होईपर्यंत वेगवेगळ्या वयांत ही जेवणं केली आहेत, भारतातून आलेल्या पाहुण्यांनाही नेलं आहे. त्यावरून लिहितोय.

तिथले पैसे जेवणाचे नसतात, हे आधी मनात पक्कं करा. वॉफल, अंडी, बटाटे, फळं, पेस्ट्री हा नाश्ता बाहेर पाव किमतीत मिळतो. तुम्ही पैसे मोजता ते मिकी, मिनी, गूफी, डोनाल्ड, प्लुटो तुमच्या टेबलापाशी चालत येतात, लेकीला मिठी मारतात आणि मागे ताटकळणारी रांग नसते याचे. हीच मंडळी पार्कात फुकटही भेटतात. मॅजिक किंगडम या डिस्नी वर्ल्डमधल्या पार्कात शिरल्याशिरल्या टाउन स्क्वेअर थिएटरमध्ये मिकी असतो, प्रिन्सेस फेअरीटेल हॉलमध्ये राजकन्या असतात. पण तिथे प्रत्येकासाठी वेगळी रांग, आणि ख्रिसमसच्या आठवड्यात ती तासाभराची झाली तरी नवल नाही. नाश्त्याला तासा-दीड तासात, खुर्चीत बसून, चार-पाच जण भेटून जातात. पार्काचं तिकीट दिवसाला माणशी 100 डॉलरच्या वर असताना वाचलेल्या दोन-तीन तासांनाही मोल आहेच.

म्हणून ‘बुफेत पैसे वसूल होतील का’ हा हिशेब सोडून द्या. वसूल करायला म्हणून पोट फुटेस्तोवर खाल्लं की पुढचे दोन तास पाळण्यात बसवत नाही. हिशेब एवढाच करा: तुमच्या लेकीला ही पात्रं जवळून भेटायची किती ओढ आहे? काही मुलांना राईड्सचं वेड असतं, मिकी दिसला तरी हात हलवून पुढे पळतात. तशा मुलासाठी हा खर्च मी करणार नाही. घरी आत्ताच सहज विचारून बघा, तुम्ही काय ठरवताय ते न सांगता.

आता आकडे. शेफ मिकीज आणि त्याच्या तोडीच्या ठिकाणी नाश्त्याचा दर मोठ्यांना 50 डॉलरच्या पुढे आणि 3 ते 9 वर्षांच्या मुलांना 30 च्या पुढे असतो. दहा वर्षं पूर्ण झाली की मूल मोठ्यांत धरतात. तीनच्या आतलं फुकट. तुमच्यासाठी मोठ्यांचे 55 आणि लेकीचे 35 धरू. चार मोठे आणि एक मूल मिळून 255. त्यावर साडेसहा टक्के कर. सहा किंवा जास्त जणांच्या टेबलावर 18 टक्के टिप बिलातच येते, आणि दोन वर्षांचा मुलगा फुकट असला तरी माणसांत मोजला जातो. एकूण 317 डॉलरच्या आसपास. आजोबा 85 रुपयांच्या भावानेही गुणाकार करतील तर 27 हजारांच्या घरात आकडा जाईल, आणि मग त्यांच्या घशाखाली वॉफल उतरणार नाही. हे मी पाहुण्यांच्या बाबतीत पाहिलंय. आकडा कळल्यावर ज्येष्ठ माणसं आनंदाने खात नाहीत, आपल्यामुळे मुलांना खर्च झाला हेच त्यांच्या मनात घोळत राहतं.

तेच तिघं गेलात, म्हणजे लेक आणि दोन मोठे, तर टिप धरून 180 च्या आसपास होतात. टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाचे पैसे लागतात, ‘मी नुसता चहा घेतो’ चालत नाही, त्यामुळे बुकिंगच तिघांचं करायचं. कोण जाणार हे मात्र आपणच ठरवून टाकू नका. नातीच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासाठी आलेली आजी असेल तर तिचा हक्क बापापेक्षा मोठा. आजी, आई आणि लेक नाश्त्याला. बाबा, आजोबा आणि धाकटा हॉटेलवर निवांत. आजीला त्यात काही रस नसेल तर तुम्ही दोघं जा. आधी विचारा, आणि विचारताना दर सांगू नका.

धाकट्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ‘तो तर फुकट आहे’ म्हणून बरेच जण नेतात. दोन-अडीच वर्षांच्या मुलांना हे भलंमोठं डोकं, न हलणारे, न बोलणारे ओठ आणि अंगावर येणारा आकार यांची अनेकदा भीती वाटते. टीव्हीवर रोज मिकी बघणारं मूलही समोर उभा राहिला की किंचाळतं. नेलंच तर त्याला भिंतीकडच्या खुर्चीत बसवा आणि वाढणाऱ्यांना आधीच सांगा. ती पात्रं त्यात तयार असतात: लांबूनच हात हलवतात, गुडघ्यावर बसतात, मूल स्वतः पुढे येईतो थांबतात. ‘अरे घाबरतोस काय, जा ना’ म्हणत त्याला पुढे ढकलू नका. भेदरलेल्या मुलाचा फोटो घरी नंतर कोणालाच बघवत नाही.

भारतातून मुलं घेऊन येणाऱ्या इतरांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मिकी, गूफी, प्लुटो बोलत नाहीत, सगळं हातवारे आणि नाचण्यातून चालतं. त्यामुळे मराठीच बोलणारं पाच वर्षांचं मूलही त्यांच्याशी सहज रमतं. राजकन्या मात्र बोलतात, आणि छान बोलतात: तुझा आवडता रंग कोणता, तुझ्याकडे घोडा आहे का. इंग्रजीचा सराव नसलेलं लाजरं मूल तिथे आईच्या पदराआड जातं. तुमच्या लेकीला ती अडचण नाही, पण तिच्याबरोबर पुण्याची भावंडं आली असती तर मी डोळे झाकून मिकीच सुचवला असता.

सिंड्रेलाचा महाल. फोटोत दिसतो त्या महालाच्या आत, वरच्या मजल्यावर, रंगीत काचांच्या खिडक्यांपाशी बसून जेवता येतं, हे त्याचं वेगळेपण, आणि ते खरंच सुंदर आहे. पण तो या सगळ्यांत सर्वांत महागांपैकी आहे आणि वर पार्काचं तिकीट वेगळं. लेक सिंड्रेलासाठी जीव टाकत असेल आणि बाकी सगळ्याला काट मारायची तयारी असेल तरच तो घ्या. राजकन्याच हव्या असतील तर एपकॉट या दुसऱ्या पार्काच्या नॉर्वे विभागातलं आकर्सहूस हे रेस्टॉरंट त्याहून स्वस्तात जमतं. फक्त एक घोळ होऊ देऊ नका: नॉर्वे म्हणजे एल्सा-ॲना असणार असं समजून लोक तिथे बुक करतात, आणि त्या दोघी त्या जेवणाला नसतात. त्या शेजारच्याच रॉयल सॉमरहूसमध्ये भेटतात, तेही फुकट, रांग लावून. लेक एल्साची भक्त असेल तर या एका माहितीनेच तुमचे शंभर-दोनशे डॉलर वाचतील.

वेळ कोणती धरावी, यावर माझं ठाम मत आहे. पार्कातल्या रेस्टॉरंटमध्ये सकाळचा नाश्ता घेऊ नका. पार्क उघडल्यानंतरचे पहिले दोन तास रांगा सर्वांत कमी असतात, आणि ते तुम्ही वॉफल खाण्यात घालवाल. पार्कात जेवायचंच तर दुपारचं घ्या. बाहेर रांगा फुगलेल्या असतात, पाय दुखायला लागलेले असतात, आणि आत तासभर सावलीत, थंड हवेत बसायला मिळतं. ॲनिमल किंगडम पार्कातलं टस्कर हाउस त्या दृष्टीने आपल्या लोकांना मानवतं. सफारीच्या वेशातले डोनाल्ड, डेझी, मिकी, गूफी असतात, आणि जेवणात आफ्रिकी-भारतीय वळणाचे मसालेदार पदार्थ, भात, डाळी-भाज्या मिळतात. एपकॉटमधलं गार्डन ग्रिल हे माझं वैयक्तिक आवडतं. अख्खं रेस्टॉरंट गोल, हळूहळू फिरत राहतं, खाली एका राईडचे देखावे सरकताना दिसतात, आणि जागा छोटी असल्याने चिप, डेल, मिकी, प्लुटो एकाच टेबलाशी पुन्हा पुन्हा येतात. सर्वांना वाटून खायचं जेवण टेबलावरच आणून देतात, त्यामुळे ताट घेऊन उठाबस नाही. शाकाहारी ताट वेगळं मागता येतं.

नाश्ता हवा असेल तर पार्काबाहेरचा, डिस्नीच्याच हॉटेलांतला घ्या. तिथे पार्काचं तिकीट लागत नाही. ज्या दिवशी पार्क नाही, म्हणजे पोचण्याच्या दुसऱ्या दिवशी किंवा मधल्या विश्रांतीच्या दिवशी, तो ठेवा. शेफ मिकीज कंटेम्पररी हॉटेलात आहे, मोनोरेल इमारतीच्या आतून जाते आणि ती बघायलाच लहान मुलं खूश होतात. आवाज आणि गलबला मात्र भरपूर. कान नाजूक असलेल्या आजोबांना त्याचा त्रास होतो. मला विचाराल तर रिव्हिएरा हॉटेलच्या सर्वांत वरच्या मजल्यावरचं टोपोलिनोज टेरेस जास्त आवडतं. मिकी चित्रकार, मिनी कवयित्री, डोनाल्ड शिल्पकार आणि डेझी नर्तिका अशा वेशात येतात, खोली शांत असते, पदार्थ बसल्या जागी येतात आणि चवही सरस. पात्रं फक्त नाश्त्याला असतात, रात्रीच्या जेवणाला नाहीत, हे बुक करताना बघा.

आजी-आजोबांसाठी नाश्ता बरा म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे: डिसेंबरात फ्लोरिडा पुण्याच्या साडेदहा तास मागे असतं. संध्याकाळी 7 चं जेवण म्हणजे त्यांच्या शरीराचे पहाटेचे साडेपाच. ती मंडळी सूप येण्याआधी पेंगतात. सकाळी 8 चा नाश्ता म्हणजे त्यांची संध्याकाळची साडेसहा, तेव्हा ती टक्क जागी आणि भुकेली असतात. आल्यावर पहिले काही दिवस पहाटे तीनलाच उठून बसणाऱ्यांना सकाळचं बुकिंग लाभतं.

शाकाहाराचं: दर तोच, सूट नाही. पण विचारलं तर नीट काळजी घेतात. बुकिंग करताना लिहा, दारात सांगा आणि वाढणाऱ्यांनाही सांगा. अंडं चालत नसेल तर ते शब्द वेगळे उच्चारून सांगा, कारण ‘शाकाहारी’ म्हटल्यावर तिथे अंडं, वॉफल, पॅनकेक सगळं चालतं असंच धरतात. बिनअंड्याचा पर्याय स्वयंपाकघरातून करून आणतात, थोडा वेळ लागतो. जैन जेवण पाळणाऱ्यांना मात्र फळं, ब्रेड यांपलीकडे फार काही मिळण्याची आशा ठेवू नये, आणि म्हणून त्यांचं नाव बुकिंगमध्ये घालूच नये.

उरलेल्या दिवसांचा खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर आपल्या सवयीचाच आधार घ्या. डिस्नीच्या पार्कात स्वतःपुरतं खाणं नेता येतं. गरम करावं लागू नये आणि काचेची बरणी नसावी, एवढी अट. ठेपले, चिवडा, बेसनाचे लाडू, धाकट्याचं खाणं, सगळं पिशवीत जातं. दोन दुपारी अशा निभावल्या तरी एका नाश्त्याचा बराच भाग तिथून सुटतो.

तिथे बसल्यावर एवढं करा. सह्या सगळीकडे मिळतीलच असं नाही, तरी सह्यांची वही आणि जाड पेन न्या, त्या फुगीर हातमोज्यांत बारीक पेन धरता येत नाही. बुफेला दोन्ही मोठ्यांनी एकदम उठू नका, नेमका तेव्हाच मिकी येतो. कोण कोण यायचं राहिलं ते वाढणाऱ्यांना विचारा; कोणी चुकलं असेल तर निघण्याआधी सांगा, ते परत पाठवतात. पात्रांना टिप द्यायची नसते. आणि फोटोचं काम एकानेच करावं, दुसऱ्याने लेकीजवळ बसून राहावं.

बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, पूर्व किनाऱ्याच्या वेळेने पहाटे 6 च्या सुमारास. तुम्ही बाहेरच्या हॉटेलात असल्याने प्रत्येक दिवसाचे 60 दिवस वेगळे मोजावे लागतील. 19 डिसेंबरच्या नाश्त्यासाठी 20 ऑक्टोबरला पहाटे बसा. पुण्यात तेव्हा दुपारचे साडेतीन असतात, त्यामुळे तिथलं कोणी मदतीला असेल तर तेही करू शकेल. कार्डाचा नंबर द्यावा लागतो. न सांगता गैरहजर राहिलात तर माणशी 10 डॉलर कापतात. हवी ती वेळ मिळाली नाही तरी नाराज होऊ नका, बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत रद्द करता येत असल्याने आदल्या दिवशी संध्याकाळी जागा सुटतात, तेव्हा पुन्हा बघा. तुमच्यासाठी माझी पसंती: 19 तारखेला टोपोलिनोज, सकाळी साडेआठ, तिघं. नाहीच मिळालं तर तीच तारीख, शेफ मिकीज.