शहरांकडे येणारे लोंढे थांबवता येतील का?

तुमचा प्रश्न असा आहे: 'शहरांची लोकसंख्या बेसुमार वाढते आहे, पाणी, रस्ते, घरं काहीच पुरत नाही. हे लोंढे थांबवायचे कसे?' मी बरीच वर्षं पाणीपुरवठ्याच्या कामात काढली आहेत, त्यामुळे मला हा प्रश्न नळापासून दिसतो. पण आधी थांबवण्याबद्दल बोलतो.

चीनने हे करून पाहिलं. १९५८ साली तिथे 'हुकोउ' नावाची नोंदणी पद्धत कायद्याने लागू झाली. ज्याची नोंद गावात, त्याला शहरात राहण्याचा हक्क नाही. पुढे शहरांत कारखाने निघाले तशी माणसं आलीच, कोट्यवधींनी आली. पण त्यांच्या मुलांना शहरातल्या सरकारी शाळेत सहजी प्रवेश मिळेना, म्हणून असंख्य मुलं गावी आजी-आजोबांकडेच वाढली. आज जगातली निम्म्याहून जास्त माणसं शहरांत राहतात आणि संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अंदाजानुसार २०५० पर्यंत हे प्रमाण ६८ टक्क्यांवर जाईल. माणसं येणारच आहेत, हे धरूनच पुढचा विचार करायला हवा.

आता नळ. पाणी कमी पडलं की सगळ्यांना नवं धरण आठवतं. आहे ते पाणी वाटेत कुठे मुरतं, हे मात्र कुणी विचारत नाही. कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह इथे १९९३ मध्ये सोडलेल्या पाण्यापैकी ७२ टक्के पाण्याचा हिशेबच लागत नव्हता. काही गळून जायचं, काही चोरट्या नळांतून. त्या वर्षी पाणी विभागाला नवे प्रमुख मिळाले. त्यांनी घरोघर पाहणी करून घेतली, प्रत्येक नळाला मीटर बसवला, जुने पाइप बदलले. बड्या लोकांनाही फुकट पाणी मिळेना. गरीब घरांना जोडणीच्या खर्चात सवलत आणि हप्ते दिले. पंधरा-सोळा वर्षांत ही तूट सुमारे ६ टक्क्यांवर आली आणि शहराला चोवीस तास पाणी मिळू लागलं.

या 'चोवीस तास'वर मी नेहमी अडून बसतो. लोकांना ती चैन वाटते, पण तो आरोग्याचा प्रश्न आहे. पाणी बंद केलं की पाइपातलं उरलेलं पाणी उताराकडच्या घरांत निघून जातं आणि आत पोकळी तयार होते. सांधा जुना असेल आणि शेजारून गटार जात असेल, तर ती पोकळी घाण आत ओढून घेते. पुन्हा पाणी सोडलं की सुरुवातीला तेच घरोघरी पोचतं. मी असा एक सांधा स्वतः पाहिला आहे. खड्ड्यात गुडघाभर काळं पाणी, ते उपसायला लावलेला पंप धडधडतोय, आणि हाताने चाचपल्यावर बोटाला लागली ती नखाएवढी चीर. तेवढ्या चिरेपायी त्या गल्लीतली मुलं आठवडाभर जुलाबाने हैराण होती. धरण तेव्हा काठोकाठ भरलेलं होतं.

आणि जिथे नळ पोचतच नाही, तिथे माणसं बोअर मारतात. इंडोनेशियातलं जाकार्ता शहर खचत चाललंय त्यामागचं मोठं कारण हा बेसुमार उपसा आहे. टोकियोचीही जमीन अशीच खचत होती. तिथे उपशावर बंधनं आणून कारखान्यांना दुसरं पाणी दिलं, तेव्हा ते खचणं आटोक्यात आलं.

वाहतुकीचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या ह्यूस्टनमधला केटी फ्रीवे हा महामार्ग २००८ पर्यंत रुंद केला, काही ठिकाणी तर २६ मार्गिकांपर्यंत. थोड्याच वर्षांत गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. मोकळा रस्ता दिसला की गाड्या वाढतात. म्हणून बसला स्वतःची मार्गिका देणं हे कमी खर्चात आणि लवकर होणारं काम आहे. ब्राझीलमधल्या कुरितिबाने ते १९७४ मध्येच केलं.

पण माझ्या मते खरी चूक होते ती जमिनीच्या बाबतीत. १८११ साली न्यूयॉर्कची वस्ती जेमतेम लाखभर होती. तरीही आयुक्तांनी तिथल्या मॅनहॅटन बेटावर पार १५५ व्या रस्त्यापर्यंतची आखणी कागदावर करून ठेवली. त्यातला बराच भाग तेव्हा शेतं आणि टेकड्यांचा होता. घरं पुढे शंभर वर्षं उठत राहिली, पण रस्त्याची आणि रस्त्याखालच्या पाइपांची जागा शाबूत राहिली. आज वाढणाऱ्या बहुतेक शहरांत उलटं चालतं. आधी तुकडे पाडून जमीन विकली जाते, घरं उठतात, आणि मग तीन फुटांच्या बोळात आम्ही पाण्याचा पाइप आणि मैलावाहिनी शेजारी शेजारी कोंबतो. वर सांगितलेली चीर अशाच बोळातली होती.

मग आधीच उठलेल्या वस्त्यांचं काय? पाडा, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात आणि ते ऐकून मला मनापासून वाईट वाटतं. दूर नेऊन टाकलेला माणूस कामाला मुकतो आणि पुन्हा कामाजवळच कुठेतरी निवारा शोधतो. कराचीतल्या ओरंगी या वस्तीत १९८० पासून वेगळी वाट धरली गेली. गल्लीतल्या लोकांनी वर्गणी काढून आपापल्या गल्लीची मैलावाहिनी स्वतः टाकायची, आणि ती पुढे जिला जोडायची ती मुख्य वाहिनी सरकारने सांभाळायची. अभियंत्यांनी माप, उतार आणि सल्ला दिला. हजारो गल्ल्यांत हे काम झालं. आपल्या पैशाने टाकलेली वाहिनी तुंबली की लोक स्वतः धावतात, हे मी माझ्या कामातही पाहिलं आहे.

तेव्हा तुमच्या हातात काय आहे, तर तुमच्या शहराच्या विकास आराखड्याचा नकाशा मिळवा. शहराच्या कडेला जिथे आज रान आहे आणि दहा-पंधरा वर्षांत वस्ती होणार आहे, तिथे मुख्य रस्त्यांची आणि वाहिन्यांची पट्टी राखून ठेवली आहे का, ते शोधा. नसेल तर मुदत संपायच्या आत लेखी हरकत नोंदवा. जमीन मोकळी असताना ती पट्टी नकाशावर एका रेघेने मिळते. घरं उठल्यावर तीच मिळवायला किती भिंती पाडाव्या लागतात आणि किती वर्षं कोर्टात जातात, ते मी जवळून पाहिलं आहे.